सुरतचा ठिपका

भाऊला इंटरनेटवर स्वतःचा रेडिओ काढायचा होता. फोनवर ते सांगताना तो म्हणाला, तुला काय, दोन बटणं तर दाबायची. मला राग आला तो त्या दोन बटणांचा. मी धुळ्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवते. त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी मी घरची फुकटची मेकॅनिक. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचा सातबारा निघेना, कोणाच्या पोरीचा परीक्षेचा अर्ज भरताना साइट लटकली, की फोन मला. पण रेडिओ काढून दे असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

भाऊ माझा सख्खा थोरला भाऊ. त्याची उभी हयात एसटीत गेली. शेवटची वर्षं तो जळगावच्या स्टँडवर खिडकीमागे बसून माइकवरून गाड्या पुकारायचा. आवाज असा खणखणीत, की झोपलेला माणूस पिशवी उचलून उठायचा. नशिराबादला नाहीतर चाळीसगावला जाणारी माणसं त्याला चेहऱ्याने ओळखायची नाहीत, पण तो चहाच्या टपरीवर बोलला की माना वळायच्या. रिटायर झाल्यावर शिंदखेड्याला घर बांधून राहिला, आणि तो आवाज ऐकायला घरात उरली एक वहिनी. तिच्याशी तर तो बोलत नव्हता.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्यांना एकच मुलगा, माझा भाचा. पोलीसभरतीला पळून पळून त्याचे पाय झिजले, पण निवड काही झाली नाही. एकदा पाहुणे बसलेले असताना तो उलट बोलला, आणि भाऊने चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली. पोरगा दुसऱ्या दिवशी सुरतेच्या गाडीत बसून गेला. जाताना वहिनीने त्याची पिशवी भरून दिली, वर भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला. भाऊचं म्हणणं असं, की तिने पिशवी भरली म्हणून तो गेला, नाहीतर दारातून परत फिरला असता. अरे, तू मारलं म्हणून गेला, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण सुंभ जळलं तरी पीळ जात नाही. त्या दिवसापासून त्याने वहिनीशी अबोला धरला.

पोराने नंबर बदलला. आईलाही कधी फोन केला नाही. कोणीतरी त्याला सुरतेतल्या उधन्याला पाहिलं म्हणे, एका कापडाच्या कारखान्याच्या दारात. तेवढीच बातमी. आमच्याकडे पोरगं घर सोडून गेलं, तर कुठे गेलं असं कोणी विचारत नाही. सुरतेत कोणाकडे उतरलं, एवढंच विचारतात.

तर मी शिंदखेड्याला गेले, लॅपटॉप घेऊन. भाऊने पुढच्या खोलीत टेबल मांडून ठेवलं होतं, माइक आणला होता, खिडकीला गोधडी टांगली होती. स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच. वहिनीने चहा आणला आणि दाराच्या चौकटीला टेकून बसली. भाऊ मला म्हणाला, तिला सांग, साखर कमी आहे. मी म्हटलं, तुझ्या तोंडाला काय झालं, तूच सांग. तो चहा तसाच प्याला. मला त्या घरात गेलं की हात उचलावासा वाटायचा, खरं सांगते.

मी त्याला समजावलं. तुझा आवाज इथून थेट लोकांच्या फोनवर जात नाही. मध्ये एक सर्व्हर लागतो. गावच्या पाण्याच्या टाकीसारखा. तू टाकीत सोडायचं, ज्याला हवं त्याने आपल्या नळाने घ्यायचं. ती टाकी चालवायला जे सॉफ्टवेअर लागतं, त्यात माझ्या नजरेत दोन होती. दोन्ही फुकट. एकाचं नाव मी 'म्हातारी' ठेवलं आणि दुसऱ्याचं 'नवरी', कारण इंग्रजी नावं त्याच्या लक्षात राहायची नाहीत.

म्हातारी जुनी. बटणं नाहीत, रंग नाहीत. एका फाइलीत सगळं हाताने लिहायचं, आणि एक कंस चुकला तर उठायचीच नाही. पण एकदा उठली की महिनोन्महिने कुरकुर नाही. तू बोललास तर ती बोलेल, तू थांबलास तर ऐकणाऱ्यांचा फोनही थांबेल. ऐकणारे किती, एवढा आकडा सांगेल, बाकी तिला घेणंदेणं नाही. नवरीचा थाट वेगळा. सगळं पडद्यावर, सगळं बटणावर. तू गप्प झालास की ती आपणहून गाणी लावते, म्हणजे ऐकणारा तुटत नाही. जास्त खाते, मध्येच रुसते, मशीनही मोठं भाड्याने घ्यावं लागतं. मला म्हातारीच बसवायची होती. मी तसं स्पष्ट सांगितलं.

भाऊने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. ऐकणारा कुठल्या गावचा आहे ते कळतं का.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा रेडिओ कोणासाठी निघतोय. दारात बसलेल्या वहिनीने मान खाली घातली. मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, नवरीत नकाशा आहे. जिथे ऐकतात तिथे ठिपका उमटतो. पण तो नकाशा थापा मारतो, भाऊ. त्याला माणूस दिसत नाही. मोबाइल कंपनीचं इंटरनेट जिथून बाहेर पडतं, ते गाव तो दाखवतो. मी धुळ्यात क्लासमध्ये बसलेली असते आणि मला तो इंदूरला टाकतो.

'म्हणजे कधी बरोबरही टाकत असेल,' भाऊ म्हणाला.

मी हात टेकले. नवरी बसली.

त्याचा कार्यक्रम सकाळचा, अंघोळ-पूजा उरकून. सगळं आपल्या खान्देशी बोलीत. शिंदखेड्याच्या बाजाराचे भाव, कोणाच्या मयताची गंधमुक्ती कधी, कोणत्या गावाला पाणी किती दिवसांनी, स्टँडवरचे जुने किस्से. मध्येच एसटीच्या थाटात गाडी पुकारायचा, आणि पुण्या-नाशिकला राहणारी आपली माणसं खूश व्हायची. मोजकीच होती, पण होती. मीही क्लास उघडताना लावायची. त्याचं बोलणं माझ्यापर्यंत यायला वीस-पंचवीस सेकंद लागायचे. सर्व्हरमधून फिरून येतं, त्यामुळे तेवढा उशीर होतोच. त्याला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, आपल्या गाड्यांपेक्षा बरंय.

मग एक दिवस त्याचा फोन आला. आवाज दबलेला. लागला, म्हणाला. मला वाटलं काही जळलंबिळलं. तर सुरतेला ठिपका लागला होता.

मी पुन्हा तेच सांगितलं. कंपनी, इंटरनेट, इंदूर. त्याने ऐकून घेतलं नाही. त्याचं म्हणणं, हा ठिपका बाकीच्यांसारखा येतो-जातो करत नाही. मी बोलायला लागलो की थोड्याच वेळात उगवतो, आणि माझं संपत आलं की मावळतो. रोज. दुसरं कोण असणार? परक्या मुलखातल्या माणसाला नकाशात सुरत दिसली असती, तर एक मोठं शहर म्हणून त्याने सोडून दिली असती. आमच्या माणसाला सुरत दिसली की तिथे आपला पोरगाच दिसतो.

त्यानंतर त्याचा कार्यक्रम बदलला. भाव आणि गंधमुक्त्या असायच्या, पण मध्येच आवाज खाली यायचा. 'जेवना का?' म्हणजे जेवलास का, असं विचारायचा. नाव कधी घेतलं नाही. मग आपणच उत्तर द्यायचा, जेवत जा रे, खानावळीचं तेल चांगलं नसतं. कधी म्हणायचा, मी तुला मारायला नको होतं. हा माणूस उभ्या जन्मात कोणाला चुकलो म्हणाला नव्हता. मी क्लासमध्ये पोरं यायच्या आधी एकटी बसून ते ऐकायची आणि मला रडू यायचं, रागही यायचा. कारण त्याच दमात तो दुसरंही बोलायचा. तुझ्या मायनेच तुला बिघडवलं. तिने पिशवी भरली नसती तर तू गेला नसतास. तिला पोरगा घरात नको होता, तिला नुसती भांडणं मिटलेली हवी होती.

मी फोन करून झापलं. घरातलं चव्हाट्यावर मांडतोस, लाज वाटत नाही का? तो म्हणाला, कसला चव्हाटा, चार माणसं ऐकतात. मी म्हटलं, आणि तो ठिपका दुसऱ्याच कोणाचा निघाला तर? यावर त्याने माझ्याशीही बोलणं बंद केलं. आमच्या घराण्यात अबोला हे एकच हत्यार, तेच सगळ्यांवर चालतं. दिवाळीला मी ओवाळायला गेले तेव्हा तो अबोला सुटला.

त्या दिवाळीत वहिनी फार उतरलेली दिसली. गालफडं बसलेली, चालताना धाप. मी तिला दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाली, बघू ताई, थंडी सरू द्या. मी रागावून म्हटलं, तुम्ही हे सगळं कसं सहन करता? तिने माझ्या ताटात पुरी वाढली. म्हणाली, 'बोलतात तरी. मागे तर घरात आवाजच नव्हता.'

थंडी सरायच्या आधीच ती गेली.

फोन शेजारणीचा आला. मी क्लासला कुलूप घातलं आणि मिळेल त्या गाडीने शिंदखेड्याला पोचले. पुढच्या खोलीत माणसं जमलेली. टेबल भिंतीला सरकवून वहिनीला जमिनीवर ठेवलं होतं. भाऊ लॅपटॉपजवळच्या खुर्चीत होता, लॅपटॉप चालू. मला पाहून तो रडला नाही. सांगायलाच लागला.

आज तो गेलाच नाही, म्हणाला. रोज माझं संपत आलं की जातो. आज संपलं, तरी ठिपका तिथेच. मी अजून थोडा बोललो. तरी तिथेच. मला वाटलं, आज त्याला सुट्टी असेल, आज त्याला ऐकायचंय. म्हणून मी बोलत राहिलो. लहानपणीचं सगळं बोललो. किती बोललो ते कळलं नाही. मग जेवायची वेळ टळून गेली, तरी आतून ताटाचा आवाज नाही, म्हणून उठलो.

वहिनी ओट्याखाली पडलेली होती. कणीक मळलेली परात तशीच, कणीक वर सुकून तडकलेली. गॅस पेटवलेलाच नव्हता, हे एक बरं. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय, म्हणाले. किती वेळ झाला ते मात्र त्यांना नक्की सांगता येईना.

गावातली वडीलधारी माणसं उन्हं उतरायच्या आत उरकायचं म्हणत होती. भाऊ ऐकेना. अग्नी पोरगा देईल, म्हणाला. कोणीतरी हळूच म्हटलं, भाऊ, त्याचा पत्ता नाही, नंबर नाही, कळवायचं कसं? भाऊने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. गुजरातच्या बाजूला तो ठिपका होता. माझा कार्यक्रम संपून एवढा वेळ झाला, आता नुसती गाणी लागलीत, तरी तो बसलाय, भाऊ म्हणाला. त्याला काहीतरी कळलंय. मी सांगतो त्याला. संध्याकाळच्या गाडीने येईल.

आणि त्याने माइक ओढला. मी अडवू शकले असते, पण अडवलं नाही. बायकांनी मला आत पिटाळलं, पिंडाला पीठ लागेल, डबा बघा म्हणून. मी स्वयंपाकघरात गेले. भिंतीपलीकडून भाऊचा आवाज आला, स्टँडवर असायचा तसा खणखणीत, पण मध्येच फाटलेला.

'तुनी माय गयी. जथा व्हशी तथाईन ये. आम्ही वाट देखतस.'

तुझी आई गेली, असशील तिथून ये, असं तो पोराला सांगत होता. बाहेर बायकांनी हंबरडा फोडला, मग तो ओसरला. मी पिठाच्या डब्याचं झाकण काढत होते. डब्यामागे काहीतरी बारीक वाजलं. मला वाटलं उंदीर. वाकले तर ते बोलत होतं. तुनी माय गयी. जथा व्हशी तथाईन ये.

डब्यामागे वहिनीचा फोन पडला होता. कानात घालायची वायर त्याला लागलेली, एक बोंडूक भिंतीशी, एक पिठात. पडद्यावर भाऊचा रेडिओ चालू होता. तो फोन मीच तिला दिलेला, माझा जुना. सिम तिने शेजारणीकडे आहे त्याच कंपनीचं घेतलं होतं, आणि त्या कंपनीचं इंटरनेट सुरतेहून बाहेर पडत असणार. त्यात रेडिओ कोणी लावून दिला देव जाणे. शेजारणीच्या पोरीने असेल.

मी तिथेच पिठाच्या डब्याशेजारी बसले. एका कानात वायर घालून, वर पदर ओढून, ती रोज भाकऱ्या थापताना नवऱ्याचं ऐकत होती. भिंतीतून अस्पष्ट एकदा, आणि फोनमधून स्पष्ट दुसऱ्यांदा. तो बोलायला लागला की लावायची, आणि त्याचं संपत आलं की ताट करायला बंद करायची. जेवना का, हे ती रोज ऐकायची. मी मारायला नको होतं, तेही. आणि तुझ्या मायनेच तुला बिघडवलं, तेही रोज. आज बंद करायला ती उठली नाही, म्हणून हा बोलत राहिला, आणि ही नवरी, आग लागो तिला, त्याचं संपल्यावरही गाणी वाजवत राहिली. म्हातारी असती तर कार्यक्रम संपल्याबरोबर सगळं शांत झालं असतं आणि तो उठून आत आला असता.

मला दोन गोष्टी करता येत होत्या. फोन भाऊला नेऊन दाखवायचा, नाहीतर बंद करून पदरात टाकायचा. भाऊच्या नकाशातला ठिपका विझला असता, आणि तो म्हणाला असता, बघा, निघाला. मग वहिनीला तसंच ठेवून सगळ्यांनी गाडीची वाट पाहिली असती. गाडी आली असती, गेली असती. आणि पुढे तो जन्मभर पोराला शिव्या घालत बसला असता, की आईचं कळूनही आला नाही. त्या पोराला, ज्याला काही ठाऊकच नव्हतं. सगळा दोष पुन्हा दुसऱ्याच कोणाच्या माथी. मला एवढी चीड आली, की दुःख बाजूला राहिलं.

मी फोन घेऊन बाहेर आले. भाऊ नुकतंच पुन्हा तेच पुकारून माइक धरून बसला होता, नजर पडद्यावर. मी फोन लॅपटॉपसमोर ठेवला. त्यातून बारीकसा त्याचाच आवाज येत होता, मघाशी बोललेला. मी त्याच्या देखत बंद केला. नकाशावरचा ठिपका क्षणभर राहिला, मग गेला.

'भाऊ, ही वहिनी होती,' मी म्हटलं. 'रोज.'

त्याला लगेच कळलं नाही. त्याने फोन हातात घेतला, वायर पाहिली, तिला लागलेलं पीठ बोटाने पुसलं. मग तिच्याकडे पाहिलं. तो माझ्याशी एरवी शहरी मराठीत बोलायचा, स्टँडची सवय. आता लहानपणच्या बोलीत आला.

'मंग ती बठ्ठं आयके?'

'बठ्ठं. सगळं,' मी म्हटलं.

त्याने मान हलवली, हिशेब कळल्यावर माणूस हलवतो तशी. मला वाटलं संपलं. मग त्याने विचारलं, इतकं हळू, की शेजारी उभ्या माणसालाही ऐकू गेलं नसेल.

'आज बी?'

ती कधी पडली हे डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं. पडल्यावर लगेच गेली, की भिंतीपलीकडे हा लहानपणीचं बोलत असताना, ओट्याखाली पडून ऐकत होती, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. मी नाही म्हणू शकले असते. तेवढं खोटं देवाने माफ केलं असतं.

'माहीत नाही, भाऊ,' मी म्हटलं.

तो उठला आणि लोकांना म्हणाला, उचला आता, कोणी यायचं नाहीये. अग्नी त्यानेच दिला.